रोजच्या वापराला जुनी लक्झरी: जग्वार एक्सजे12 की मर्सिडीज डब्ल्यू126?

बाराबोअर: जुनी युरोपियन सेडान म्हटलं की सगळे डोळे मिटून डब्ल्यू126 सुचवतात. मी म्हणेन, डब्ल्यू126 आली त्याच 1979 साली आलेली जग्वारची सीरीज 3 एक्सजे12 घ्या. 5.3 लिटरचं व्ही12 (इंग्रजी व्हीच्या आकारात बारा सिलिंडरचं इंजिन), इटालियन डिझाइन कंपनी पिनिनफारिनाने सुधारलेलं छप्पर, मागच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन स्प्रिंग. डब्ल्यू126 मधली 560 एसईएल भक्कम आहे, पण एक्सजेची चाल तिला नाही.

स्पॅनर17: चाल मान्य, बाकी असहमत. जग्वारच्या इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड, दोन्ही अॅल्युमिनियमचे. एकदा जोरात तापलं की व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) हेडमधून सुटते. मग हेड उतरवायला जा, तर हेड धरणारे स्टड गंजून हेडमध्ये जाम! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

बाराबोअर: तापतं का, तेही सांगा की. एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत पाचोळा बसतो, पुढून दिसत नाही. कंडेन्सर सोडवूनच साफ करायचा. दुसरं कारण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग. तो इंजिनाच्या व्हीच्या खोबणीत भाजत बसलेला, आतलं ग्रीस सुकून अॅडव्हान्सची (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं अडकतात. मग ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन तापतं. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढा आणि रेस वाढवा. टायमिंगचं मार्क जागचं हललं नाही तर अडकलंय. हे न बघता लोक नवा रेडिएटर टाकतात.

गंजप्रूफ: आगीचं राहिलंच. त्याच खोबणीत इंजेक्टरला पेट्रोल देणारे बारा रबरी होज कडक होऊन तडकतात. गळका एकच बदलू नका, बाराही बदला, आणि इंजेक्शनच्या दाबाचेच. कार्ब्युरेटरचा होज अजिबात नको. मागचे ब्रेक तर डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खेटून. त्याचं सील गळलं की तेल थेट डिस्कवर. डिस्क बदलायला सहसा मागची अख्खी सबफ्रेम (चाकं-डिफरन्शियल धरणारी चौकट) खाली घ्यावी लागते.

बाराबोअर: आणि मर्सिडीज काय धुतल्या तांदळाची? तिच्या व्ही8 (आठ सिलिंडरच्या इंजिना) च्या टायमिंग चेनचे, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या साखळीचे, गाइड प्लास्टिकचे. ते ठिसूळ होऊन तुकडा चेनखाली गेला की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह वाकतात. थंड इंजिनची खडखड ऐकून गाडी दामटणाऱ्यांना कोण वाचवणार? कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) तेल देणाऱ्या नळ्यांचे जोडही प्लास्टिकचे. तुटले की कॅमचा लोब, म्हणजे उंचवटा, घासला. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतला गंज वेगळाच.

स्पॅनर17: सगळं खरं, पण कामाचा आवाका बघा. वरच्या गाइडच्या पिना स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढणारं हत्यार) निघतात. नवी चेन जुनीच्या टोकाला जोडून ओढून घेता येते, पुढचं कव्हर न खोलता. फक्त ओढताना दोन्ही बाजूंना ताण धरायला दुसरा माणूस हवा. नळ्यांचे जोड त्याच वेळी बदलून टाका, व्हॉल्व्ह कव्हर उघडलेलंच असतं.

गंजप्रूफ: +१. व्ही12 ला नुसते पुढचे स्पार्क प्लग काढायचे तरी एसीचा कॉम्प्रेसर सोडवून उचलावा लागतो. म्हणून विकायला आलेल्या गाडीचे मागचे दहा प्लग नवे आणि पुढचे दोन पुरातन निघतात. एक्सजे12 बघायला गेलात तर आधी तेच दोन काढायला सांगा.