पुण्यात झाली म्हणून आता कोकणातही सायकल शर्यत?

सड्यावरचा:
काल इथे एकाने उत्साहाने लिहिलंय, की जानेवारी २०२६ मध्ये पुण्याची ग्रँड टूर झाली, प्रोलॉग (सुरुवातीची छोटी फेरी) आणि चार टप्पे मिळून ४३७ किमी, तर पुढची पाच दिवसांची शर्यत सागरी महामार्गाने घ्या, "जग आपला समुद्र बघेल". जग बघेल हो, पण तोवर आम्ही कुठे जायचं? पुण्यात एक रस्ता अडला तर माणूस दुसऱ्या गल्लीत शिरतो. आमच्याकडे गावात येणारा रस्ता एकच, आणि तो अडला की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला सडा. मागे एका हौशी स्पर्धेसाठी आमचा फाटा अडवला होता. शिट्टी आणि पिवळं जाकीट मिळालेला पोरगेला स्वयंसेवक, ऐकायलाच तयार नाही. रिक्षात मासळीवाली काकी, टोपलीतल्या बर्फाचं पाणी रिक्षातून रस्त्यावर गळतंय, आणि समोरून एकेक सायकलवाला मोबाइलवर व्हिडिओ काढत निवांत चाललाय! व्यावसायिक शर्यत म्हणजे वर आणखी टीमच्या गाड्या, मोटरसायकली, सगळा लवाजमा.

पायडल:
अहो, हौशी राइड आणि यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची शर्यत यात काही फरक आहे की नाही? शर्यतीत ठरलेल्या वेळेत न पोचणारा बाद होतो, व्हिडिओ कसले काढताय! रस्ता थोडा आधीपासून बंद ठेवावा लागतो, तेवढं कबूल. पण स्पेनमधल्या बास्क प्रांतातली इत्सुलिया शर्यत बघा. दर एप्रिलात सहा दिवस. चढ छोटे पण उभे, एक संपला की दुसरा तयार. आपलं वेगळं काय आहे? खाडीला उतरा, पूल ओलांडा, लगेच घाटी चढा. दिवसभर तेच.

घाटमाथ्यावरून:
आंबोली जेमतेम ६९० मीटर. तिकडे टूर द फ्रान्समधला तूरमाले घाट २११५. कसली टूर घेताय?

पायडल:
बेल्जियममधला म्यूर द ऊई १.३ किमीचा आहे साहेब, सरासरी चढ ९.६ टक्के. फ्लेश वालोन या एका दिवसाच्या शर्यतीचा निकाल तिथेच लागतो. उंची मोजत बसायचं तर हिमालयात जा.

कलमवाला:
इत्सुलियाचं कौतुक अर्धंच सांगितलंत. २०२४ मध्ये चौथ्या टप्प्यावर उतारावरच्या वळणाला विंगेगोर, एव्हेनपूल, रोग्लिच हे अव्वल सायकलपटू एकाच वेळी आपटले. कडेला काँक्रीटचं गटार होतं. विंगेगोरची हासळी आणि फासळ्या मोडल्या, फुफ्फुसालाही इजा झाली. आमच्या रस्त्याला एका अंगाला उघडं गटार, दुसऱ्या अंगाला चिऱ्याचा गडगा. आणि एप्रिल म्हणे! एप्रिलात हापूसच्या पेट्या भरलेले टेम्पो वाशीला पोचवायचे, की तुमच्या सायकली बघत फाट्यावर उभे करायचे?

पायडल:
तोच विंगेगोर जुलैत टूर द फ्रान्सला दुसरा आला, तेही सांगा की. एप्रिल मी बास्कचा म्हटला, कोकणात जानेवारीत घ्या.

कलमवाला:
जानेवारीत मोहरावर फवारणी असते. पण ठीक आहे, मोहर टेम्पोत भरायचा नसतो.

तळकोकणी:
गाववाल्यानु, माझो एकच प्रश्न. आमची वस्तीची गाडी बंद ठेवतले काय? ती चुकली तर माका सोडूक कोण येतलो, विंगेगोर?

पायडल:
वस्तीची गाडी पहाटे सुटते, शर्यत दहा-अकराला. संबंध काय?

तळकोकणी:
पहाटे गेलेलो माणूस दुपारी परत येता ना? दुपारची गाडी नाय तर तालुक्याक बसान ऱ्हवाचा? आईची औषधां आणूची असतत.

सड्यावरचा:
दुपारची गाडी आमच्याकडे शर्यतीशिवायच बंद झाली. आधी कारण "रस्ता खराब", मग "प्रवासी नाहीत". म्हणजे सायकलींसाठी त्याच रस्त्यावर गुळगुळीत डांबर पडणार, आणि गाडी काही यायची नाही!

डोंबिवलीचा चाकरमानी:
शर्यतीच्या निमित्ताने का होईना, डांबर पडतंय ना? पडू दे की.

सड्यावरचा:
तुम्ही गणपतीला चार दिवस येणार, तुम्हाला पडू दे म्हणायला काय जातंय? पहिल्या पावसात ते डांबर व्हाळात जातं, तेव्हा तुम्ही डोंबिवलीत.

डोंबिवलीचा चाकरमानी:
घरपट्टी मी पण भरतो. माझ्या आईवडिलांनी त्याच एसटीच्या टपावर पेट्या चढवल्यात. मला कोकण शिकवू नका.

पायडल:
धागा सायकलींचा होता!

घाटमाथ्यावरून:
म्यूर द ऊई मान्य. पण तवसाळ-जयगडला काय करणार? घोळका फेरीबोटीत चढवणार? ज्याला पहिली बोट मिळाली तो घोळक्यातून पुढे निसटला, त्याचा ब्रेकअवे!

पायडल:
तो टप्पा खाडीच्या अलीकडेच संपवायचा आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून सुरू करायचा. एवढं काय अवघड आहे त्यात?

सड्यावरचा:
बरं बाबा, घ्या. पण रस्ता किती ते किती बंद, ते आठ दिवस आधी प्रत्येक वाडीत कळवा, रुग्णवाहिका आणि एसटीला वाट द्या, आणि शिट्टी कुणा जाणत्या माणसाच्या हातात द्या. एवढं जमलं तर तुमच्या घोळक्याला कोकम सरबत माझ्याकडून. जमणार नाही, म्हणूनच बोलतोय.

तळकोकणी:
ता सगळा ऱ्हवांदे. दुपारची गाडी बंद झाली म्हणतास, ती खयची? साडेबाराची काय?

सड्यावरचा:
साडेबाराची चालू आहे, पण फाट्यापर्यंतच. पावणेदोनची बंद केली.

डोंबिवलीचा चाकरमानी:
पावणेदोनची कधी नव्हतीच. दोन वीसची होती.