'टाके पडले' म्हणजे नक्की काय झालं? (फाटणे, चिरणे, उसवणे)

माझं दुसरं बाळंतपण होऊन अकरा आठवडे झाले. पहिलं कोल्हापूरला, दुसरं इथे इंग्लंडमध्ये, दोन्ही नॉर्मल. आणि दोन्ही वेळा घरी फोनवर वाक्य एकच, 'नॉर्मल झाली, टाके पडलेत'. पण झालं होतं वेगवेगळं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी कात्रीने कट दिला होता, यावेळी कोणी काही कापलं नाही, बाळाचं डोकं बाहेर येताना आपोआप फाटलं. कागदावर लिहून दिलं, सेकंड डिग्री टिअर. आईचा पहिला प्रश्न, किती टाके? मला उत्तरच देता येईना, कारण मिडवाइफ म्हणाली मोजायला काही नाहीये, एकच दोरा आहे, आतून स्नायू शिवत शिवत बाहेर कातडीपर्यंत आणलाय. शेवटी आईला म्हटलं, अगं धावदोरा घातलाय. तिला लगेच कळलं, जन्मभर ब्लाउज शिवलेत तिने.

तेव्हापासून हे 'पडणे' डोक्यात बसलंय. टाके घातले म्हटलं की घालणारा दिसतो, कट दिला म्हटलं की देणारा दिसतो, पण टाके पडले म्हणजे पाऊस पडला तसं, कोणी काही केलं नाही आणि का केलं तेही विचारायचं नाही. शिवाय अर्थाचा घोळ आहेच. बाराव्या दिवशी पॅडवर दोऱ्याचे दोन तुकडे दिसले, मी घाबरून आईला सांगितलं टाके पडले, ती म्हणाली हो गं, माहितीय मला. ते विरघळणारे दोरे होते, तुकडे गळणं नॉर्मल असतं, पण गळून पडणं आणि घातले जाणं दोन्हीला आपण एकच क्रियापद वापरतो हे तेव्हा जाणवलं.

तर विचारायचंय हे की तुमच्याकडे आपोआप फाटण्याला आणि कट देण्याला वेगळे शब्द आहेत का? आणि त्या जागेला, म्हणजे योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाला, घरात काय म्हणतात? 'खाली' सोडून.

———

आमच्या घरी 'खाली'च. फार तर 'अंग'. अंगावरून जातंय, अंग बाहेर आलंय, सगळं त्या एका अंगातच. फाटलं म्हणायला बायका बिचकतात, कारण तो शब्द पोरं भलत्याच अर्थाने वापरतात. माझी आजी (सोलापूरकडची) चिरणं म्हणायची, पण कात्रीने चिरलं की आपोआप चिरली ते पुढच्या वाक्यावरून कळायचं. दुसऱ्या खेपेला ती म्हणायची वाट मळलेली आहे, त्रास नाही होणार. एक गोष्ट लक्षात आली का, पहिल्यांदा बाळंत होणारीला पहिलटकरीण असा छान शब्द आहे, दुसऱ्यांदा होणारीला आमच्याकडे तरी काही नाही. म्हशीला मात्र आहे, पहिलारू, मग दुसऱ्या वेताची, तिसऱ्या वेताची. बाईची दुसरी खेप कोणी मोजतच नाही जणू.

———

'वाट मळलेली' हे मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि ते खोटं नाहीये. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने दिलेले आकडे असे आहेत की खोलवर, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटणं पहिल्या खेपेला 100 पैकी साधारण 6 जणींना होतं आणि नंतरच्या खेपांना साधारण 2 जणींना. पण थोडंफार फाटणं 100 पैकी 85 जणींना होतं. त्यामुळे दुसऱ्या वेळी काहीच होणार नाही असं मनात धरून बसलं की धक्का बसतो, मला बसला. सासूबाई म्हणाल्या दुसऱ्याला कसे टाके पडले? जसं काही मी चुकीचा जोर लावला.

———

उसवणे हा शब्द कोणी कसा नाही घेतला अजून? कापड फाटतं आणि शिवण उसवते, हे दोन वेगळे प्रकार आहेत. माझ्या दुसऱ्या वेळी जुन्या कटाच्या व्रणावरच गेलं, डॉक्टर म्हणाल्या जुनी शिवण उसवली. मला तो शब्द एकदम पटला, त्यात माझा काही दोष आहे असं वाटत नाही. फक्त एक अडचण आहे, बाळंतपणानंतर आठवड्याभरात टाके सुटले, जखम उघडली, तर तेही आपण टाके उसवले असंच म्हणतो आणि ते मात्र लगेच दाखवायला हवं असतं. म्हणून जुना व्रण उसवला आणि टाके उसवले असं पूर्ण बोलावं.

———

मी नर्स आहे, लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली. 'किती टाके' हा प्रश्न रोज ऐकते आणि त्या आकड्यातून काहीच कळत नाही, वरवरच्या लांब जखमेला जास्त टाके लागू शकतात. विचारायचं असेल तर 'कुठवर गेलंय' असं विचारा. फक्त कातडी आणि आतलं अस्तर असेल तर पहिली डिग्री, खाली स्नायूपर्यंत गेलं की दुसरी, शी आवळून धरणारा स्नायू फाटला की तिसरी, आणि पार गुदाशयाचं अस्तर फाटलं की चौथी. तिसरी-चौथी असेल तर ते कागदावर लिहून घ्या, पुढच्या खेपेला नवीन डॉक्टरला ते सांगावंच लागतं. 'मागच्या वेळी टाके होते' एवढ्याने भागत नाही. कटाबद्दल सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्यांना कट द्यावा असं म्हणत नाही, गरज असेल तरच. डोकं दिसायला लागल्यावर गरम पाण्याच्या कापडाने शेक दिला तर खोल फाटण्याचं प्रमाण कमी होतं, हा शेक शेगडीचा नव्हे हं. ओले टाके असताना शेगडीवर धुरी घ्यायला मी स्पष्ट नाही सांगते, भाजलेल्या बायका बघितल्यात.

दुखण्याचे शब्दही नीट वापरा, आपल्याकडे आहेत. ओढ बसते, शिवशिवतं, खाज येते हे बहुतेक वेळा जखम भरतानाचं असतं. लघवीला आग होते हेही सुरुवातीला होतं, वरून कोमट पाणी ओतत लघवी केली की बरं वाटतं. पण ठणका वाढत चाललाय, वास येतोय, ताप आहे, टाके पिकलेत असं वाटतंय तर सव्वा महिना पुरा व्हायची वाट बघू नका. 'दुखतंय' एवढंच सांगितलं की समोरचा म्हणतो दुखणारच.

———

खूप खूप आभार, विशेषतः 'कुठवर'साठी. मी पण एक सांगते, जे बोलायला मला सात आठवडे लागले. मला वारा धरवत नव्हता. खोकले की सुटायचा. इथल्या फिजिओला इंग्रजीत सांगताना काही वाटलं नाही, पण आईला मराठीत सांगताना जीभ उचलेना, तरी 'वारा सरणे' इतका साधा जुना शब्द आपल्याकडे आहे. फिजिओने व्यायाम सांगितला तोही त्याच शब्दात बसतो, चारचौघात वारा अडवतो तसं आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, पूर्ण सोडायचं. आता बराच फरक आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली तुझ्या वेळी मलाही होत होतं, दोन वर्षं. कोणाला सांगितलं नव्हतं तिने.

———

जागेच्या नावाबद्दल: हिंदीत मूलाधार म्हणतात, पण मराठीत तो ऐकला की योगातलं चक्र आठवतं. सुश्रुतसंहितेत सेवनी हा शब्द आहे, शरीरात सात सेवनी सांगितल्यात, पाच डोक्यात, एक जिभेला, एक शिश्नाला, आणि तिथे शस्त्र लावू नये असंही म्हटलंय. धातू तोच, सिव्, ज्यातून आपलं शिवणं आणि शिवण आलंय. बाईच्या त्या जागेबद्दल तिथे वेगळं काही नाही, पण शिवण हा शब्द घ्यायला काय हरकत आहे? 'शिवणीपाशी फाटलंय' म्हटलं तर कळेल ना?

———

आईला विचारलं. ती म्हणाली कळेल, पण डॉक्टरला कळेल का ते बघ. पुढच्या महिन्यात मावसबहिणीची दुसरी खेप आहे कोल्हापूरला, तिला दोन्ही शब्द सांगून ठेवलेत, शिवण आणि कुठवर. काय होतं ते इथेच लिहीन.