४०० किलोमीटरला ८० मिनिटं कशी?

मुक्ता: बाबांना घेऊन एका छोट्या विमानतळावरून दुसऱ्या छोट्या विमानतळावर जायचं आहे. अंतर मोजणाऱ्या साइटवर ४०० किमी आणि ४७ मिनिटं दाखवतात, तिकिटावर १ तास २० मिनिटं. विमान एटीआर ७२. बाबांना पार्किन्सन्स आहे, गोळी दर तीन तासांनी. उशीर झाला की पाय जखडतात, जागचं हलता येत नाही. गोळीची वेळ कोणता आकडा धरून बसवू?

प्रवासी७: तिकिटावरचा धरा. वेळेवर पोचल्याचं दिसावं म्हणून थोडं वाढवूनच लिहितात.

जुना डिस्पॅचर: थोडं वाढवतात हे खरं, पण सगळा फरक त्याचा नाही. मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणांचं नियोजन करणाऱ्या विभागात होतो, रोज हाच हिशोब करायचो.

साइट पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत जवळचं अंतर घेते आणि त्याला विमानाच्या वेगाने भागते. ४०० किमी म्हणजे २१६ नॉटिकल मैल, एटीआरचा वेग साधारण २७५ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), आली ४७ मिनिटं. म्हणजे विमान पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात आणि नाकासमोर सरळ! प्रत्यक्षात ते १७० नॉटच्या आसपास चढतं, आणि एवढ्याशा पल्ल्यात चढण-उतरणीतच बराच वेळ जातो.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. इथले चॉक (चाकांना लावलेले अडसर) काढून विमान हललं की सुरू, तिकडे थांबून चॉक लागले की संपला. छोट्या ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला ये-जा करायचा वेगळा रस्ता, बऱ्याचदा नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग उडतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. तोवर वरच्या विमानाला उतरता येत नाही, ते घिरट्या घालतं. रडार नसेल आणि हवा ढगाळ असेल, तर आधी व्हीओआरच्या (दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या) डोक्यावर यायचं, लांब जायचं, वळून धावपट्टीच्या रेषेत लागायचं. सात-आठ मिनिटं त्यातच गेली.

वाऱ्याचंही सांगतो. शिकाऊ असताना मला वाटायचं, जाताना गेलेली मिनिटं येताना परत मिळतात. नाही मिळत. समोरून ४० नॉट असेल तर ४७ चे ५५ होतात, मागून असेल तर ४१. दोन्ही मिळून ९६, बिनवाऱ्याच्या दिवशी ९४. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं ना, म्हणून.

पण ताई, बाबांसाठी ८० सुद्धा कमी आहेत. व्हीलचेअरच्या प्रवाशांना सहसा आधी चढवतात, शेवटी उतरवतात. सलग दोन तास तरी बसणं धरा. गोळी घड्याळ बघून द्या, विमान कुठे पोचलंय ते बघू नका. डबी हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

मुक्ता: "उतरल्यावर देऊ" असंच मी ठरवलं होतं. बरं झालं विचारलं. काका, चढायला एरोब्रिज असेल का?

जुना डिस्पॅचर: एटीआरला बहुधा नसतो. दार मागच्या बाजूला, आणि त्या दारालाच पायऱ्या. विमान बुटकं असल्याने पायऱ्या थोड्याच, पण अरुंद आहेत. पायऱ्या चढता येत नाहीत हे आजच फोन करून एअरलाइनला कळवा आणि बुकिंगवर नोंदवून घ्या.