बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकातल्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) घरीच बदलायचेत, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) न काढता. जमेल का?

चेंबरखाली

जुनी चार सिलिंडर पेट्रोल गाडी आहे. थंड असताना गप्प, पण तापली की दोन-अडीच हजार आरपीएमला खालून ठकठक. अॅक्सिलरेटर सोडताना जास्त जाणवते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज नाही, तो वरून येतो आणि बारीक असतो. एकेका सिलिंडरच्या कॉइलचा प्लग काढून बघितला. तिसऱ्याचा काढला की ठोका जवळजवळ गायब.

ऑइल काढून फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांत तांबूस चमकी होती, चुंबकाला चिकटत नव्हती. मग चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवलं आणि तिसऱ्या रॉडची कॅप (टोकाचा सुटा अर्धा भाग) खोलली. रॉडकडच्या शेलवर मधोमध तांबडा पट्टा, कॅपकडचा बराच बरा.

क्रँक जागेवर ठेवून शेल बदलता येतील का? बाकीच्या तिघांचेही बदलायचे का? एक जण म्हणाला, ०.२५ अंडरसाइजचे जाड शेल टाक, ढिलाई भरून निघेल आणि आवाज बसेल. खरं का?

सावकाशगाडी

घरी करायचं काम नाही हे. इंजिन उतरवा, पूर्ण खोला. वरवरची मलमपट्टी टिकत नाही.

शतांश

सावकाशगाडी, जर्नल खराब निघालं तर तुमचंच खरं ठरेल. पण ते मोजल्याशिवाय इंजिन उतरवायला सांगणं घाईचं आहे.

चेंबरखाली, निदान चोख केलंयत. तांबडं दिसतंय तो शेलचा मधला तांब्याचा थर. वरचा मऊ थर गेला की तो उघडा पडतो. रॉडकडच्या शेलवर जास्त दिसतोय तेही बरोबर, स्फोटाचा दाब तिथेच येतो.

आधी जाड शेलचं बोलू, कारण हा सल्ला इंजिनं मारतो. ०.२५ अंडरसाइजचा शेल हा क्रँक ०.२५ मिमीनं घासून बारीक केल्यावर टाकायचा असतो. न घासलेल्या जर्नलवर (क्रँकच्या ज्या गोल भागावर शेल बसतो त्यावर) तो टाकलात तर कॅप आवळताच क्रँक जाम होईल. मग कोणीतरी कॅपची कड कानशीनं घासायला सांगेल. त्याचंही ऐकू नका, कॅप घासली की रॉडचं भोक गोल राहत नाही.

आता मुद्द्याचं. क्रँक जागेवर ठेवून शेल बदलता येतात, पण कधी, तर जर्नल धड असेल तर. शेल मऊ केलेला असतो तो जर्नल वाचावा म्हणून. वाचलंय का ते आधी बघा. जर्नल पुसून कोरडं करा आणि नख आडवं फिरवा. नख कुठे अडकलं तर थांबा, क्रँक बाहेर काढून ग्राइंडिंगलाच द्यावा लागेल. नाही अडकलं तर मायक्रोमीटर लावा. एकदा उभा, एकदा आडवा, आणि हेच जर्नलच्या दोन्ही टोकांना. झीज एकाच बाजूनं होते, त्यामुळे एका मापावर विसंबू नका. मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या, ऐकीव नको.

मायक्रोमीटरला जागा करायला रॉड वर सरकवावा लागतो. बोल्ट रॉडला पक्के बसवलेले असतील तर त्यांच्या आट्यांवर आधी रबरी नळीचे तुकडे चढवा. आट्यांचा एक ओरखडा नवा शेल खायला पुरतो. पिस्टन फार वर ढकलू नका, एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर त्याला टेकेल.

कॅपची अदलाबदल नाही, उलटापालटही नाही. खोलण्याआधी खुणा करा. काही रॉडच्या कॅप मुद्दाम तोडून वेगळ्या केलेल्या असतात, सांधा खडबडीत दिसतो. तिथे खडबडीत कड कडेत अचूक बसली पाहिजे.

शेल बसवताना त्याची पाठ आणि रॉडची बैठक कोरडी ठेवा, अगदी निर्मळ. लाडानं पाठीलाही ऑइल चोपडणारे खूप पाहिले. तिथलं ऑइल शेलची पकड आणि उष्णता दोन्ही अडवतं. ऑइल फक्त आतल्या बाजूला, आणि तेही प्लास्टिगेजनं माप घेतल्यानंतर.

प्लास्टिगेज म्हणजे मेणाची दोऱ्यासारखी बारीक कांडी. कोरड्या जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेनं ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, परत खोला आणि चेपलेली रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघा. मधल्या वेळात क्रँक तसूभरही हलता कामा नये, हलला तर ते माप फेकून द्या. ढोबळ हिशेब जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाचा, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे बोल्ट असतील तर ते सहसा ताणले जातात, परत वापरायचे नसतात. मापापुरते जुने चालतील, शेवटी नवे.

बदला चारही. ऑइल सगळ्यांना एकाच पंपाचं मिळतं, बाकीचे तीनही उपाशी राहिलेच असणार. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं एक फेरा फिरवा. अचानक जड लागला तर शेवटची कॅप काढून बघा, पुढे जाऊ नका.

आणि शेल गेला कशानं, हे शोधल्याशिवाय नवे टाकणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सक्शनची जाळी, म्हणजे पंप ऑइल ओढतो तिथली, बघितलीत का?

चेंबरखाली

जाळी बघितली आणि डोक्याला हात लावला. निम्मी बंद! आत काळ्या सिलिकॉनचे दोरे. माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन भरमसाट लावलेलं दिसतंय. कडेनं आत आलेल्या गुठळ्या अजून लोंबतायत.

नख कुठेच अडकत नाही. तिसऱ्या जर्नलवर उभ्या-आडव्या मापात ०.०१ मिमी फरक, बाकी तिघांवर तेवढाही नाही. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत आहे. नवे शेल स्टँडर्ड साइजचे टाकून प्लास्टिगेज घेतलं, तिसऱ्यावर ०.०३८ मिमी. मॅन्युअल म्हणतं ०.०२० ते ०.०५०.

पानाअठरा

मध्ये तोंड घालतो. चेंबर उतरलंय तर मेनची (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे बसतो त्या बेअरिंगची) एक तरी कॅप खोलून बघा. ती चमकी सगळीकडे फिरलेली असते, फिल्टर अडवेल ते अडवेल. मेनचा वरचा शेलही क्रँक न काढता निघतो. क्रँकच्या ऑइलच्या भोकात छोटी पिन ठेवायची आणि क्रँक हलके फिरवायचा, शेल सरकत बाहेर येतो. पिनचं डोकं शेलच्या जाडीपेक्षा चपटं हवं.

शतांश

पानाअठरा, बरं आठवलंत. पंपापासून सर्वात लांबची मेन खोला, ती स्वच्छ असेल तर बाकीच्यांना हात लावू नका. पिन फिरवताना शेलचा कान (कडेला बाहेर आलेला छोटा भाग) ज्या बाजूला आहे ती आधी बाहेर आली पाहिजे. उलटं फिरवलं तर शेल तिथेच अडकेल.

०.०३८ उत्तम आहे. आता जाळी पेट्रोलमध्ये धुऊन हवा मारा, सक्शन पाइपची ओ-रिंग नवी टाका. तिथून हवा ओढली तरी हाच आजार होतो. चेंबरची कड खरवडताना कचरा आत पडू देऊ नका. सिलिकॉन बारीक धारेनं, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. आवळल्यावर आतून फुगलेलं दिसेल इतकं नको.

चेंबरखाली

मेन स्वच्छ निघाली, बाकीच्यांना हात लावला नाही. आता सुरू करताना काय? आणि थोडं जाड ऑइल घातलं तर दाब वाढेल ना, मित्र आग्रह करतोय.

शतांश

दाब दिसायला वाढेल, पण बेअरिंगला दाब नाही, वाहतं ऑइल लागतं. तुमचं अंतर मॅन्युअलप्रमाणे आहे, मग ऑइलही मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच.

नवा फिल्टर ऑइल भरून लावा, निदान उभा लागत असेल तर. इंधन आणि इग्निशन दोन्ही बंद करून, मध्ये मध्ये थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. मगच सुरू करा. सुरुवातीला नुसतं आयडलवर ठेवू नका, रस्त्यावर न्या, पण गिअर मोठा आणि आरपीएम कमी असं रेटू नका.

हे पहिलं ऑइल लवकर बदला, काही शे किलोमीटरवरच, आणि फिल्टर परत कापा. थोडी जुनी चमकी निघेल, ती आधीची राहिलेली. त्याच्या पुढच्या फिल्टरमध्येही निघाली तर इथेच लिहा, तेव्हा सावकाशगाडींचं ऐकायचं.