जुन्या विलीज जीपला डिस्क ब्रेक आणि हायड्रॉलिक क्लच: बसवावेत की नको?

धागाकर्ता

माझी 1948 ची विलीज सीजे-2ए आहे. चारही चाकांना 9 इंची ड्रम, ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीला लावलेला एकेरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा), आणि क्लच दांडा-केबलवर. मागच्या महिन्यात दगडगोट्यांचा लांब उतार उतरताना मागच्या ॲक्सलवरचा रबरी पाइप फुटला आणि पेडल थेट पायाखालच्या फळीला टेकलं. फुटला एकच पाइप, पण चारही चाकांचे ब्रेक गेले, कारण ऑइलची वाट सगळ्यांना मिळून एकच. गाडी लो रेंजच्या (जास्त ताकद, कमी वेग) पहिल्या गिअरमध्ये होती, फोर व्हील लागलेली होती आणि ट्रान्सफर केसमागचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीमागचा) हँडब्रेक शाबूत होता, म्हणून थांबलो. शेजारी माझी मुलगी बसली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पुढे डिस्क, पुढच्या आणि मागच्या चाकांची ऑइलची वाट वेगळी ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर आणि सोबत हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच. गाडीचं मूळ रूप जपायचं म्हणून हे टाळणं मला आता पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी कारण सांगावं.

जुनं लोखंड

सांगतो. तुम्ही सुखरूप आहात हे आधी महत्त्वाचं. पण फुटला तो जुना रबरी पाइप. त्याचा दोष ड्रमच्या माथी कशाला मारता? डिस्कलाही तसाच पाइप लागतो.

ब्रेक लागत नाहीत म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक जीपमध्ये एकच गोष्ट दिसली. ड्रम लेथवर घेऊन मोठा केलेला, आतून ड्रमला टेकणारे शू मात्र जुन्याच गोलाईचे. मग शूवरचा लायनर फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं कोरी राहतात. शू ड्रमच्या मापाला घासून घ्या, खालच्या पिना आणि वरचे ॲडजस्टर दोन्ही नीट लावा. ड्रम फिरताना पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसतानाही पायाच्या ताकदीत काम भागतं. डिस्कमध्ये ही ओढ नसते. बूस्टरविना डिस्क लावलेली जीप चालवून बघा, मांडी भरून येते. आणि हे इंजिन 60 हॉर्सपॉवरचं आहे. त्याला किती वेगाने नेणार आहात?

चिखलवाट

वेगाचा प्रश्नच नाही. ओढ्यातून बाहेर आल्यावरचं बोला. ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक वाया जातात, शिवाय एक चाक आधी सुकलं तर गाडी एका अंगाला ओढते. डिस्क उघडी असते, पॅड पहिल्याच फेरीत पाणी पुसून काढतो.

दुसरं म्हणजे टायर. मूळ 6.00-16 चा व्यास साधारण 28 इंच. 33 इंची टायर घातला की तेच ब्रेक जमिनीवर सुमारे 15 टक्के कमी जोर लावतात. मोठे टायर घालायचे आणि ब्रेक मात्र मूळचे ठेवायचे, हे मी धोकादायक मानतो.

पण एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, अंदाजे 10 पीएसआय (दाबाचं एकक) इतका. डिस्क लावून मी तो तसाच ठेवला. पॅड सुटेनात आणि हब हात लावता येणार नाही इतके तापले. मास्टर फळीखालीच, म्हणजे कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खाली राहणार असेल, तर डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. नाहीतर ऑइल मागे उतरतं आणि पेडल दोनदा मारावं लागतं.

लो रेंज

ब्रेकवर तुमचं चालू द्या, मी क्लचवर बोलतो. धागाकर्त्यांनी "सोबत हायड्रॉलिक क्लच" एका दमात उरकून टाकलंय, ते मला मुळीच मान्य नाही.

दांड्याचा क्लच बिघडला तर तो दिसतो. पिन झिजली, केबल तुटली, तर तारेने बांधून घरी येता येतं. हायड्रॉलिकमध्ये क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरची सील गेली तर रानात काय करणार? केबलऐवजी तार चालते, ऑइलऐवजी काहीच चालत नाही. हायड्रॉलिकचा फायदा मी नाकारत नाही. चॅसी पिळली, इंजिन रबरावर डोललं तरी क्लचची पकड बदलत नाही. पण बहुतेकांचा क्लच जड किंवा धक्के देणारा असतो तो दांड्याच्या सांध्यांतल्या झिजलेल्या बुश आणि बेलक्रँकमुळे (ओढीची दिशा वळवणाऱ्या तुकड्यामुळे). आधी ते बदला.

8.5 इंची क्लच प्लेट घसरते म्हणून 9.25 ची घालणाऱ्यांनी आधी इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल प्लेटवर येतंय का ते बघावं. तेलकट झाली तर मोठी प्लेटही घसरणारच. आणि क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट उगाच कडक नको. क्लच दाबला की तो जोर इंजिनच्या क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो. चाक दगडात अडकलं असताना क्लच किंचित घसरला तर ॲक्सलचा शाफ्ट वाचतो.

धागाकर्ता

क्लचचं पटलं. उद्याच बुश उघडून बघतो, हायड्रॉलिकचा विचार सध्या सोडला.

जुनं लोखंड, शूच्या गोलाईचं तुम्ही म्हणता ते माझ्या गाडीतही निघालं, टोकं कोरीच होती. पण एकेरी मास्टरबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पाइप नवा असला तरी दगड लागून फुटू शकतो. त्या उतारावर निदान पुढचे ब्रेक तरी हवे होते, मग ते ड्रमचे असते तरी चाललं असतं. डिस्कचा हट्ट सोडून पुढे 11 इंची ड्रम घालायला मी तयार आहे. दुहेरी मास्टर मात्र बसवणारच.

जुनं लोखंड

11 इंची ड्रमला माझी हरकत नाही. दुहेरी मास्टरवर गप्प राहिलो कारण तो बसवलेल्या अर्ध्याअधिक जीपमध्ये मला तो निकामी दिसला आहे. एक बाजू रिकामी झाली की पिस्टनला आधी ती मोकळी जागा ओलांडावी लागते, मगच दुसरी बाजू दाबली जाते. तेवढी चाल पेडलमध्ये उरली पाहिजे. या जीपचं पेडल फळीतून येतं. पेडलपासून मास्टरपर्यंतचा दांडा जरा आखूड झाला तर पेडल आधी फळीला टेकतं आणि दुसरी बाजू कधी लागतच नाही. म्हणून बसवून झाल्यावर मोकळ्या सपाट जागेत पुढच्या लाइनचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडा ठेवून पेडल दाबा. मागची चाकं धरतात का बघा. मग हवा काढून मागच्या लाइनचंही तसंच करा. दोन्ही वेळा धरली, तर माझा विरोध संपला.