परिच्छेद ओळी मोजून तोडू नका

वर एकांनी लिहिलंय की पाच-सहा ओळी झाल्या की एंटर मारायचा, झाला परिच्छेद. मला हे अजिबात नाही पटत. कुठे तोडायचं ते मुद्दा ठरवतो, ओळी नाही.

लोणार सरोवराचा निबंध घ्या, मुलं हमखास असं लिहितात, 'लोणार उल्कापातामुळे तयार झालं. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. तिथे दैत्यसूदन मंदिर आहे. पाणी खारट आहे.' चारही वाक्यं खरी, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही त्यामुळे वाचून हाती काही लागत नाही. आता फक्त पाण्याचा रंग धरून लिहा: 'लोणारचं पाणी मुळातच खारट. २०२० च्या उन्हाळ्यात ते आटलं आणि खारटपणा अजून वाढला. अशा पाण्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावतात, आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळे जूनमध्ये सरोवर गुलाबी दिसलं.' यातले 'ते', 'अशा पाण्यात', 'त्यांच्यातल्या' हे शब्द बघा, प्रत्येक वाक्य मागच्याचं बोट धरून पुढे जातंय! मंदिर सुंदरच आहे, त्याला वेगळा परिच्छेद द्या ना.

आणि हो, नुसतं 'तसेच', 'त्याचप्रमाणे' पेरून काही होत नाही. आधी संबंध हवा, मग जोडशब्द. क्लासमध्ये शिकवणाऱ्यांनी मुलांना प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एका वाक्यात लिहायला लावावं की हा कशाबद्दल आहे. त्या वाक्यात दोनदा 'आणि' आला की कुठे तोडायचं ते पोरांना आपलं आपणच दिसतं.