ऑक्टेन वाढला, मग ॲव्हरेज का उतरलं?

सिडकोकर: माझी २०१६ ची ११० सीसी, कार्ब्युरेटरवाली. रोज सिडको ते सिन्नर एमआयडीसी. टाकी फुल केली की वहीत नोंद. ५६ चं ॲव्हरेज ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून ५४ वर. सगळे सांगतात, ऑक्टेन ९१ चा ९५ झाला, गाडी पळेल. अहो, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली इंधन अवेळी न पेटण्याची, नॉकिंग टाळण्याची क्षमता. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते, ठरलेलं, त्याला ९१ पुरत होता. उलट इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई१०, म्हणजे १० टक्के इथेनॉलवाला, ठेवलाच पाहिजे.

येवल्याचा मका: साफ असहमत. आमचा मका कोंबडीखाद्यवाले नि स्टार्चवालेच घ्यायचे, आता इथेनॉलवाले तिसरं गिऱ्हाईक आहे. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. दोन किलोमीटरसाठी हे सगळं मोडायचं?

सिडकोकर: मोडा कुठे म्हटलं, दादा? ई१० मध्येही इथेनॉल आहेच. पण दोन किलोमीटर माझ्या पगारातून जातात.

सातपूरचा इंजिनवाला: दोष इंधनाचा नाही, जुळवणीचा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे: ई२० टाकल्यावर ई० साठी, म्हणजे बिनइथेनॉल पेट्रोलसाठी, बनवून ई१० ला जुळवलेल्या दुचाकीच्या ॲव्हरेजमध्ये ३ ते ४ टक्के घट, तशाच चारचाकीत ६ ते ७, पण ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ च. इथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता ओढतो, सिलिंडरमधली हवा थंड होते. कॉम्प्रेशन वाढवा, इग्निशन पुढे घ्या, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पाडा, मग ऑक्टेनचं चीज होतं. तो फायदा सोडून मागे का जायचं?

सिडकोकर: नव्या गाडीसाठी शंभर टक्के मान्य. पण माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन कोण वाढवून देणार?

अंबड गॅरेज: सेन्सरवाली इंजेक्शन गाडी इंधन वाढवून सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, नि तापते. परवा एका कार्ब्युरेटरचा बाऊल, म्हणजे इंधन साठतं ती वाटी, उघडला, तळाशी पाण्याचा थर, ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) फुगून खाचेतून बाहेर. गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती. इथेनॉल पाणी ओढतो, त्यामुळे गाडी उभी ठेवू नका. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं भोक, एक नंबर मोठा करून बघा, प्लगचा रंग तपासा.

सिडकोकर: प्लग पांढरट पडलाय. ओ-रिंग कसली टाकू?

अंबड गॅरेज: मग लीनच आहे. व्हायटनची, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या खास रबराची, टाका, साधी रबरी नको. रविवारी घेऊन या.